कुंदाच्या हातची खिचडी

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. एका छताखाली आम्ही जेवतो, भांडतो, एकमेकांना औषधांची आठवण करून देतो — पण हे कधी त्याच्याजवळही निघालं नाही. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही कुंदाला ओळखत नाही म्हणून.

मी नगरसेविका होते. जूचंद्र गावात नव्या इमारती झाल्या तेव्हा आम्ही परळहून तिथे राहायला आलो. गावातलं मला कोणी विचारत नव्हतं. कुंदा गावातलीच, माहेरही तिथलं, सासरही तिथलं. निवडणुकीत तिने माझा हात धरून घरोघर फिरवलं. ‘ही आपली ताय हाय,’ एवढंच म्हणायची. तेवढ्यावर मला मतं मिळाली — ती माझी नव्हतीच, तिची होती.

कुंदाचा बचत गट होता. गावातल्या आठ-दहा बायका मिळून शाळेची दुपारची खिचडी शिजवायच्या. मी कधी शाळेत गेले की ती थाळी पुढे करायची, आणि मी खायचे. आवडीने खायचे. हे मुद्दाम सांगते.

मग एकदा गणपतीत, आरतीनंतर, गावातले एक म्हातारे काका हसत म्हणाले, ‘पुढल्या टायमाला कुंदीलाच उभी करू.’ सगळे हसले. मीही हसले. कुंदा तर तोंडाला पदर लावून हसली — ‘मना कोन मत देल?’

गंमत होती हो ती. पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. त्या दिवसानंतर मी बघायला लागले — नळाची तक्रार आधी कोणाकडे जाते, भांडण सोडवायला कोणाला बोलावतात. सगळं तिच्याकडे. ती ते माझ्याकडे घेऊन यायची, आणि मला वाटायचं, ही मला कामं सांगतेय! इतकी हलकी होते का मी? होते.

पुढे शाळांच्या जेवणाचं काम कोणाला द्यायचं हे ठरवायला समिती बसली. एकीकडे गावोगावचे बचत गट, दुसरीकडे एक बाहेरची कंपनी. मी समितीत होते. बहुतेकांचं मत होतं, चाललंय ते ठीक चाललंय. अध्यक्षांनी शेवटी सहज विचारलं, ‘गटांबद्दल कोणाची काही तक्रार?’

विषय तिथेच मिटत होता. मला कोणी दटावलं नव्हतं, कोणी काही देऊ केलं नव्हतं — तसं असतं तर दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगता आलं असतं. मी आपणहून हात वर केला.

‘आमच्या शाळेत खिचडी खाऊन मुलांना उलट्या झाल्यात,’ मी म्हटलं. ‘मी स्वतः पाहिलंय.’

एका मुलीला उलटी झाली होती. एका. ती सकाळपासूनच तापाने फणफणली होती. तिची आई शाळेच्या फाटकाशी माझ्याजवळ रडली होती — ‘ताप होता तरी पाठवली हो, कामावर खाडा झाला तर काढून टाकतील, बाईंना नका सांगू.’ मला सगळं माहीत होतं. तरी मी ‘मुलांना’ म्हटलं.

मग कोण धोका पत्करणार? कंपनीला काम मिळालं. गावात बातमी आली ती अशी, की कुंदाच्या हातचं खाऊन पोरं आजारी पडली. गटातल्या बायकांनी तिच्याशी बोलणं सोडलं. गावात हळद असली की रांधायला पहिली तिला हाक असायची. त्या मोसमात एका घरी तिला ‘तू बस बाजूला’ म्हणाले. मी तिथे होते. माझ्या हातात ताट होतं.

आणि एका दुपारी ती माझ्याकडे आली. भांडायला नाही — मला वाटलं होतं भांडेल. सोफ्याच्या कडेवर बसली, पाण्याला हात लावला नाही.

‘ताय, खरा सांगा. पोरांना माझ्याच हातचा बाधला काय? पानी तं मी रोज उकलून घेत होते.’

समितीत बोलले ते रागाने म्हणा, मत्सराने म्हणा. पण त्या दुपारी? समोर ती एकटी होती. एक ‘नाही’ पुरे होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘झालं ते झालं, कुंदा. मनाला लावून घेऊ नकोस.’

तिने मान हलवली. माझे आभार मानून गेली.

ज्या उमेदवारीसाठी हे केलं ती मला मिळालीही नाही. निवडणूक लांबत गेली, मग वॉर्डचं आरक्षण बदललं. कुंदा कधी उभी राहणारच नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

गेल्या वर्षी ती गेली. कावीळ झाली होती. तेराव्याला मी गेले. तिच्या मुलाने मला पुढे बसवलं, माणसं उठून नमस्कार करत होती. निघताना तिची सून पायरीपर्यंत आली. म्हणाली, ‘नातू झाला तरी आईंनी त्याला हाताने घास नाही भरवला. त्याच्या खाण्याला शिवायच्याच नाहीत. म्हणायच्या, माझ्या हाताला दोष हाय.’ आणि मग, ‘तुमचं ऐकायच्या त्या. तुम्ही एकदा समजावलं असतं तर…’

‘हो,’ मी म्हटलं. ‘समजवायला हवं होतं.’

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.