मैद्यात कोंडा नसतो

पाव दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढायचा कायदा असता, तर भट्टीकाकांचं अर्धं आयुष्य सुखात गेलं असतं. तसा कायदा नव्हता, म्हणून मास्तर रोज संध्याकाळी यायचे आणि रोज दाबायचे.

"ब्राऊन आहे का?"

"तुमच्या हातातच आहे. खास बाहेरून मागवलाय."

"हा कडक लागतोय हो. मऊ ब्राऊन नाही का?"

झालं. काकांच्या कानशिलांवरच्या शिरा उडायला लागल्या. "मास्तर, गव्हाच्या दाण्याला वरून कोंडा असतो, खाली इवलासा अंकुर असतो आणि मध्ये पांढरा गर. सगळं सत्त्व कोंड्यात आणि अंकुरात. ते दोन्ही काढून फेकलं की उरतो तो मैदा. मऊपणा त्या मैद्याचा! लग्नही करायचं आणि एकटंही राहायचं, असं कसं चालेल?"

"समोरच्या दुकानात मिळतो की मऊ."

"तो मैदाच असतो! जळक्या साखरेचा रंग दिलेला! रंग कसला बघता? पाकिटावर पहिलं नाव कशाचं छापलंय ते वाचा!"

मास्तर शांतपणे मान डोलवायचे आणि पांढरा पाव घेऊन घरी जायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

खरं सांगायचं तर हे ज्ञान काकांनाही नवंच होतं. वडिलांच्या हाताखाली भट्टीवर उभे राहिले तेव्हापासून त्यांनी पांढरा पावच भाजला होता आणि कोंड्याच्या पावाला ते खुशाल 'घोड्याचा खुराक' म्हणायचे. पण मागच्या थंडीत नव्या बुटाने उजव्या पायाचा अंगठा चावला, आणि ती जखम काही केल्या भरेना. साखरेचा आजार जुना होता, पण काकांनी त्याला कधी भाव दिला नव्हता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तळपायाला टाचणी लावली आणि विचारलं, "टोचतंय?"

"कधी टोचणार आहात?" काकांनी विचारलं.

बाईंनी टाचणी ठेवून दिली. मग त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या वेळेवर, रोज चालणं, मैदा बंद. कोंड्यासकट धान्यातल्या चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, मैद्याची भसकन चढते. "पण कोंड्यासकट असला तरी तो गहूच आहे बरं का," त्या म्हणाल्या. "औषध म्हणून अख्खा पाव संपवू नका. दोन स्लाईस म्हणजे दोन. साखर खाली आली नाही, तर जखम भरायची नाही. आणि ती काळी पडायला लागली तर अंगठा काढावा लागेल. उन्हाळ्याच्या आत मला फरक दिसला पाहिजे."

अंगठा काढायचा! दिवसभर भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाचा! काका घरी आले ते घाबरूनच. आणि घाबरलेला माणूस दोन गोष्टी करतो, रडतो नाहीतर ओरडतो. काकांना रडता येत नव्हतं. अंगठ्याचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिला म्हणाले, "बूट चावलाय. बाई म्हणाल्या, होईल बरं." तळपायाची जाणीव गेली होती, पण तळपायाची आग मस्तकात जायचा रस्ता मात्र अजून सताड उघडा होता.

दुसऱ्या दिवशी चक्कीवरून कोंड्यासकट पिठाचं पोतं आलं. ते पोतं फक्त काकांच्या पावासाठी, घरचं. दुकानाचं पीठ मोठ्या यंत्रात मळलं जायचं, पण घरचा पाव काकू हाताने मळायच्या, मागच्या खोलीत, खिडकीपाशी. त्या खोलीत एक नियम होता आणि तो काकांनीच घातला होता. फार वर्षांपूर्वी, यंत्र यायच्या आधी दुकानाचं पीठही काकू इथेच मळायच्या तेव्हा, एका गिऱ्हाइकाने भर दुकानात पावातून सुतळीचा वीतभर तुकडा ओढून काढला होता. पाच-पन्नास माणसांसमोर. काकांची मान खाली गेली, आणि ती वर आली तेव्हा समोर काकू होत्या. "पोत्यातली सुतळी दिसत नाही तुला? आंधळी आहेस का? आजपासून या घरात चिमूटभर पीठसुद्धा बारीक चाळणीतून चाळल्याशिवाय परातीत पडणार नाही!" तेव्हापासून ते कधी पडलं नाही.

नवं पोतं आलं त्या दिवशी काकू गल्ल्यापाशी आल्या होत्या. दुकानात गर्दी. "अहो, हे नवीन पीठ..."

"नियम म्हणजे नियम! माझं डोकं खाऊ नकोस!"

काकू आत गेल्या.

आणि मग सुरू झाली काकांची तपश्चर्या. दोन स्लाईस म्हणजे दोन. तिसरीकडे बघायचंसुद्धा नाही. सकाळी तलावाला एक फेरी, संध्याकाळी एक. गोळ्या घड्याळ लावून. आणि दिवसभर गिऱ्हाइकांना कोंड्यावर प्रवचन. ओट खा, जवस खा, हातसडीचा तांदूळ खा! कोंड्यासकट पीठ लवकर खवट होतं, अंकुरात तेल असतं ना, म्हणून थोडं थोडं आणा! लोक पाठीमागे हसायचे. पांढरा पाव विकणारा माणूस पांढऱ्या पावाला शिव्या घालतोय, असं दुकान कोणी बघितलं होतं?

पण जखम तशीच. साखर उतरली, पण नावाला. काकांना समजेना, आणि समजत नसलं की त्यांना फक्त राग यायचा. त्यात त्यांच्या लक्षात आलं, आपला पाव तर चांगलाच फुगतोय. मऊ आहे. रंगही उजळ आहे. कोंड्याचा पाव असा कापसासारखा कसा?

"चक्कीवाला!" काका ओरडले. "मैदा मिसळतोय हरामखोर!"

ते तसेच उठले आणि एप्रन न सोडता चक्कीवर गेले. त्या एप्रनचीही एक गंमत होती. त्याचा बंद तुटला की काका पोत्याची सुतळी ओवून वेळ मारून न्यायचे. काकू नवा बंद शिवून ठेवायच्या, काका तो शोधायच्या भानगडीत पडायचे नाहीत.

"काका, पोतं उघडून बघितलंत का?" चक्कीवाल्याने विचारलं.

"मला शिकवू नकोस! भट्टीवर जन्म गेला माझा!"

"तेच म्हणतोय. जन्म गेलाय, तर मूठभर पीठ हातावर घेऊन बघा. गोण तुमच्या समोर भरतो."

"तोंड बघायचं नाही मला तुझं!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! काकांनी चक्की बदलली. पीठ दुसरीकडून आलं. पाव पुन्हा तसाच, मऊ आणि गोरा. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. सगळी दुनिया बेइमान झालीय, याबद्दल आता त्यांची खात्रीच पटली.

उन्हाळा तोंडावर आला. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. त्या सकाळी काकांनी पट्टी सोडली, तर जखमेची कड काळसर दिसली. ऊन वाकडं पडलंय, म्हणून असं दिसत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पट्टी बांधली आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात शेजारच्या कोंबडीआजी आल्या. त्यांच्या परसात डझनभर कोंबड्या होत्या, म्हणून हे नाव. आजींनी ओच्यातून अंडी काढून गल्ल्यावर ठेवली.

"हे काय, आजी?"

"घे रे. तुझ्याच घरचं आहे म्हण. तुझी बायको कोंडा देते ना, तेव्हापासून कोंबड्यांनी काय अंग धरलंय! पिसं बघ, नुसती चमकतात. ती लंगडी होती ना? ती आता कुंपणावर चढते."

"कोंबड्या पळाल्या तर मला सांगू नका," काका म्हणाले. मग थांबले. "कोंडा? कसला कोंडा?"

"आता कसला म्हणजे? पिठाचा. रोज वाटीभर."

"कधीपासून?"

"थंडीपासून. त्याआधी कुठे होता तुमच्याकडे कोंडा?"

काका अंड्यांकडे बघत राहिले. भट्टीवर जन्म गेला होता त्यांचा, एवढं तर त्यांना कळत होतं. मैद्यात कोंडा नसतो. दुकानाच्या पिठातून कोंडा पडणार नाही. मग या घरात कोंडा पडण्यासारखं पीठ एकच होतं.

ते उठले आणि मागच्या खोलीकडे निघाले. वाटेत राग चढत गेला. कोंबड्या ठणठणीत आणि आपला अंगठा चाललाय! काखेत कळसा आणि गावाला वळसा! दार ढकललं तेव्हा ते तोंड उघडूनच आत शिरले.

काकू खिडकीपाशी पाटावर बसल्या होत्या. हातात बारीक चाळणी. खाली परातीत पांढरंधोप पीठ पडत होतं आणि चाळणीत वर उरला होता तपकिरी, जाडसर, सोन्यासारखा कोंडा. त्यांनी तो वाटीत झटकला.

"काय करतेस तू हे!"

काकूंनी वर बघितलं. "चाळतेय."

"अगं, कोंडा काढून टाकतेस? दिवसभर मी बाहेर बोंबलतोय, ऐकू येत नाही?"

"येतं ना. म्हणून तर दुसऱ्यांदा विचारायला आले होते," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदा पोतं आलं त्या दिवशी. दुसऱ्यांदा तुम्ही मास्तरांना दाण्याचे भाग समजावून सांगितलेत त्या दिवशी. दोन्ही वेळा म्हणालात, नियम म्हणजे नियम, डोकं खाऊ नकोस. तिसऱ्यांदा नाही विचारलं. कंटाळा आला मला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ!

"एका पावाने काय होतंय, असंही वाटलं," काकू म्हणाल्या. "साधी बुटाची जखम. होईल बरी."

"साधी नाहीये," काका म्हणाले. "अंगठा काढावा लागेल म्हणाल्यात. पुढच्या आठवड्यात बघणार आहेत. आज मला काळं दिसलं."

चाळणी काकूंच्या हातातून परातीत पडली. पिठाचा ढग उठला.

"आणि हे मला आज सांगताय?" आता ओरडायची पाळी काकूंची होती, आणि त्या ओरडल्या. पार दुकानापर्यंत ऐकू गेलं. "थंडीपासून माहीत आहे? माझ्याच हाताने मी... अहो, मी तुमची कोण लागते? गल्ल्यावरचं गिऱ्हाईक? त्यांना तरी दाणा समजावून सांगता!" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पिठाच्या हातानेच पुसले, गालभर पीठ झालं. "पुढच्या आठवड्यात कशाला? आत्ताच्या आत्ता जायचं. मी येणार बरोबर. त्या बाईंना मी विचारणार, सगळं."

"ये," काका म्हणाले. "पण बाई अकराला येतात. अजून वेळ आहे."

त्यांनी वाकून वाटी उचलली आणि कोंडा परत परातीत ओतला. चाळणी खुंटीला अडकवली. मग काय करायचं ते न सुचून पिठाच्या पोत्यावर बसले. बाहेर कोणीतरी "शेठ, ब्राऊन आहे का?" म्हणून हाक मारली. एरवी काकांनी आतूनच आवाज चढवला असता. आज म्हणाले, "थांबा जरा."

काकूंनी पिठात पाणी घातलं आणि मळायला घेतलं.

"अजून काय काय सांगायचं होतं तुला," काकांनी विचारलं, "आणि मी ऐकलं नाही?"

"आत्ता सांगू?"

"आत्ता."

काकूंनी पीठ उलटं केलं, मुठीने दाबलं. "ती सुतळी," त्या म्हणाल्या. "त्या पावातली. ती पोत्यातली नव्हती. पोत्याच्या सुतळीचे तुकडे मी रोज मोजून काढायचे. त्या दिवशी तुम्ही मळायला बसला होतात."

काकांनी खाली बघितलं. एप्रनला आजही सुतळीच होती, आणि तिचं एक टोक तुटलेलं होतं.