हवेतली वेणी

हौशी नाटकवाले चार जण जमले की किस्से निघतातच. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. आमच्या अमरावतीच्या मंडळाचे तर इतके साचलेत, की त्यातले अर्धे मला स्वतःलाच खोटे वाटतात! मी सामान सांभाळायचो. साठ सालच्या आसपास आमचं एकच नाटक चालत होतं, मुलगी गेलेल्या आईचं.

* * *

आमचे दिग्दर्शक दादासाहेब कचेरीत हेडक्लार्क. रडणं म्हणजेच अभिनय, हा त्यांचा ठाम समज. पहिल्या तालमीत त्यांनी आईचा शोक स्वतः करून दाखवला. असा टाहो फोडला, की शेजारचे दोघं बांबू आणि सुतळी घेऊन दारात हजर!

"कोन गेलं, सायेब?"

* * *

आईचं काम कुसुमबाईंकडे. बाई शाळेत शिकवायच्या. त्यांची स्वतःची मंगल सात वर्षांची होऊन टायफॉइडनं गेली होती. तरी हे काम त्यांनी मागून घेतलं.

शेवटच्या प्रवेशात आई गेलेल्या मुलीची वेणी घालते. फणी खरी, बाकी सगळं हवेत. बाई जमिनीवर बसून शांतपणे भांग पाडायच्या, तीन पेड घालायच्या. डोळ्यांत पाणी नाही. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

दादासाहेब वैतागले. "बाई, लोकाईले रडू आलं पायजे! तुमी रडत काहून नाई?"

"मी रडली तं पोरगी घाबरते थे."

तालीम तिथंच संपली.

* * *

अकोल्याला रविवारी दुपारचा प्रयोग होता. वेणीच्या प्रवेशाला पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठून ओरडली, "बाई, थिची लाल रिबीन सुटली!"

लोक हसले. बाईंनी हात खाली नेला आणि हवेतली गाठ पुन्हा आवळली. दादासाहेब खूश! प्रयोगानंतर तिच्या आईला म्हणाले, "पोरीले दर प्रयोगाले आना."

आईनं पोरीला उचललं आणि ती मागं न बघता चालू लागली. आमच्या सामानात रिबीन नव्हतीच.

* * *

तीन वर्षांत एक गोष्ट फक्त माझ्या लक्षात आली, कारण बैठक मी मांडायचो. बाई आधी जमिनीवर बसायच्या. मग पाट मागितला. मग स्टूल. परतवाड्याच्या प्रयोगात तर उभ्याच राहिल्या!

"बाई, उभ्या काहून राह्यल्या?" दादासाहेबांनी विचारलं.

"वाढली ना थे आता."

त्यावर दादासाहेबांनी बजावलं, "पुढच्या प्रयोगाले रडा, नाईतर काम दुसऱ्या बाईले देतो." बाई एवढ्याशा झाल्या. मला हळूच म्हणाल्या, "काम गेलं तं थे येईन कुठं?" मला त्यांची दया आली, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

* * *

तो पुढचा प्रयोग अमरावतीतच झाला. बाई केस मोकळे सोडून आल्या. फणी मी स्टुलावर ठेवली होती. त्यांनी ती उचललीच नाही. स्टुलाकडे पाठ करून खाली बसल्या, प्रेक्षकांकडे तोंड, हात मांडीवर. मधूनच त्यांची मान मागं ओढली जाई.

"हळू वं, माय," बाई म्हणाल्या. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सगळं थिएटर हुंदके देत होतं. विंगेत दादासाहेबांनी माझा खांदा घट्ट दाबला. "रडली रे, रडली!"

पडदा पडला. बाई उठल्या आणि पाठमोऱ्या चालू लागल्या. पाठीवर वेणी होती, कमरेपर्यंत. टोकाला लाल रिबीन, ढिली बांधलेली.

सुटेल म्हणून मी गाठ आवळायला हात पुढं केला. बाई झटकन बाजूला सरकल्या.

"राहू द्या. पयल्यांदाच बांदली थिनं."