बसा म्हणणाऱ्या सुगंधाबाई

सुगंधाबाईंना कोणी उभं राहिलेलं बघवत नसे. माणूस दिसला की त्यांचा हात आधी खुर्चीकडे जाई. लातूरच्या त्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी कोण, कोणाकडे आलोय हे विचारायच्या आधीच त्यांनी पदरानं स्टूल पुसून पुढं सारलं आणि म्हणाल्या, "बसा आप्पा. बसल्यानं काय जातंय?" पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनलाही त्या सोडत नसत. तो बिचारा शिडीवर चढायला आलेला, पण आधी बसून चहा घेतल्याशिवाय त्याची सुटका नसे. मला हे फार आवडलं. किराणा दुकानात जन्म गेलेल्या माणसाला घाईतल्या गिऱ्हाइकांची सवय असते. आल्याबरोबर 'बसा' म्हणणारं कोणी भेटलं की तो विरघळतो.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, तिथं ठेवावं लागलं कारण जळकोटला आमच्या दुकानाच्या पायरीवरून ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण रोज चालवलं पाहिजे. घरात आम्ही दोघंच, त्यात बायकोची कंबर कायमची धरलेली, आणि असल्या रोग्याला चालायला शिकवणारं गावात कोणी नाही. तेव्हा काही महिने तिला लातुरातच ठेवायचं, चालायला लागली की घरी आणायचं, असं ठरलं. अव्वानं एकच अट घातली. "मला उचलून पायरी चढवायची न्हाई. माझ्या पायानं येईन, तवाच न्या." उभा जन्म तिचा दुकानातल्या तराजूमागे गेला होता. गिऱ्हाइकासमोर बसून माल द्यायचा हे तिला माहीतच नव्हतं.

सुगंधाबाई मूळच्या इस्लापूरकडच्या. नवरा गेल्यावर लातूरला बहिणीकडे आल्या आणि या कामाला लागल्या. बुटक्या, गोल बांध्याच्या, आवाज असा की व्हरांड्याच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाच्या बहिऱ्या आजींनाही कळावं. शिकलेल्या नर्स नव्हत्या, पण सगळे त्यांना सिस्टर म्हणत आणि ते ऐकून त्या पदर नीट करत. त्यांच्याकडच्या खोल्यांत शिरल्यावर वास येत नसे. अशा जागा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे केवढं आहे ते कळेल. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस त्या न चुकता बदलत, कोणाची नखं वाढू देत नसत, आणि कोणाला भाकरी दुधात कुस्करून लागते, कोणाला वरणात, हे त्यांना विचारावं लागत नसे.

अव्वा लिंगपूजेशिवाय तोंडात पाणी घेत नसे. सुरुवातीला तिथली दुसरी एक बाई पहाटेच चहा ठेवून जाई आणि तो तसाच निवून जाई. सुगंधाबाईंनी कारण विचारलं. अव्वानं गळ्यातलं लिंग दाखवून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून अव्वाची आंघोळ सगळ्यांत आधी होऊ लागली. विभूती संपत आली की मला फोन यायचा. "मला तुमच्यातलं काही कळत न्हाई माय," त्या अव्वाला म्हणाल्या होत्या, "पण तुमचा देव बी उपाशी अन् तुमी बी उपाशी, आसं माझ्या हाताखाली व्हायचं न्हाई."

पूजा झाली की अव्वाला व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवायचं, चहा हातात, जेवणाचा घास तोंडात, दुपारी वेणी. अव्वा पाण्याच्या तांब्याकडे नुसती वळली तरी सुगंधाबाई धावत यायच्या. "उठायचं न्हाई माय. मला हाक मारायची. राबायचं ते राबून झालं तुमचं. आमी कशाला हाव मग?"

व्यायाम घ्यायला एक मॅडम आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस सुगंधाबाईंनी अव्वाला वॉकर देऊन व्हरांड्यात फिरवायचं, असं ठरलेलं होतं. पहिल्या काही भेटींत तो वॉकर पलंगाशेजारी दिसला. पुढं एकदा गेलो तर तो उन्हात उभा, आणि त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेले. "वॉकरला चांगलं काम लावलंत," मी म्हणालो. सुगंधाबाई हसल्या. "आज माय दमल्यात आप्पा. उद्या चालवू की." मीही हसलो आणि त्यांनी पुढं केलेल्या स्टुलावर बसलो.

अव्वानं सुरुवातीला तक्रार केली नाही असं नाही. "ही मला उठूच देत न्हाई रे. पायाला मुंग्या येऊन राहिल्यात." मी म्हणायचो, त्यांचं ऐकत जा, त्यांना जास्त कळतं. मग हळूहळू तिलाच ते आवडायला लागलं. एकदा मला जवळ बोलावून लाजत म्हणाली, "सासरी मला कुणी ताट वाढून दिलं न्हाई बघ. ही घास भरवती." तिच्या गालांवर मांस आलं होतं, केसांना तेल होतं, चेहरा उजळला होता. असं आईचं रूप बघून कोणता मुलगा भांडायला उठेल? गावी परतल्यावर मी भेटेल त्याला सांगायचो की अशी सेवा पोटच्या पोरांकडून होणार नाही. दुकानाच्या पायरीला मी लोखंडी कठडा बसवून घेत होतो, आणि सुरुवातीला अव्वा फोनवर रोज विचारी, झाला का कठडा. पुढं ती तुरीचा भाव विचारू लागली, सुनेच्या कंबरेचं विचारू लागली. कठड्याचं नाव निघेना. तिथं ती रमली, असा मी अर्थ काढला.

तपासणीला नेलं त्या दिवशी डॉक्टरांनी आधी हाडाचा एक्स-रे पाहिला आणि खूश झाले. मग तिचा पाय धरून सरळ करायला गेले. गुडघा निम्म्यावर अडला. दुसऱ्याचंही तेच. "हाड उत्तम जुळलंय," ते म्हणाले, "पण यांना उभं केलंच नाही कोणी. आता अवघड आहे."

परत आल्यावर मी व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत सुगंधाबाईंवर ओरडलो. तुम्ही माझ्या आईचे पाय घालवले, असं म्हणालो. आणखीही बरंच बोललो, ते आता लिहवत नाही. त्या दिवशी त्यांनी मला बसा म्हटलं नाही. माझं संपेपर्यंत थांबल्या आणि त्यांच्या मानानं फार हळू आवाजात बोलल्या.

"आप्पा, मी इथं नवीन होते तवा एक आजोबा माझ्या हातातून बाथरूमात घसरले. मी धरलं होतं, तरी घसरले. पुन्हा उठलेच न्हाईत. त्यायचा पोरगा आसाच हितं उभा राहून म्हणला, ह्या बाईनं माझा बाप मारला. तवापासून मी कुणाला उठू देत न्हाई."

मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "तुमी रोज फोन करत होता. माय जेवली का, झोपली का, पडली न्हाई ना. चालली का, आसं एकदा बी न्हाई इचारलं."

त्यांनी वॉकरवरचे टॉवेल काढले, घड्या केल्या आणि वॉकर आत नेला. त्यानंतर कितीतरी दुपारी त्यांनी अव्वाच्या काखेत हात घालून तिला उभं करायचा प्रयत्न केला. गुडघे सरळ होत नव्हते. अव्वा किंचाळायची आणि मग दोघीही रडायच्या. शेवटी अव्वाच म्हणाली, "राहू दे सुगंधे. तुझ्यावर आता कुणी वरडणार न्हाई." मी गाडी करून न्यायला गेलो, दोघं मिळून उचलून वर घेऊ म्हणालो. अव्वानं नको म्हणून मान हलवली. आपली अट ती विसरली नव्हती, मीच विसरलो होतो.

सुगंधाबाई दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडून मोकळा झालो असतो, चार ठिकाणी नाव खराब केलं असतं. पण माझ्या आईवर तिच्या म्हातारपणी इतकी माया दुसऱ्या कोणी केली नाही, मीही नाही, आणि त्याच मायेनं तिचं घर तुटलं. हे मला अजून पचत नाही.

थंडीत अव्वाच्या छातीत कफ भरला. ती गेली तेव्हा तिचं डोकं सुगंधाबाईंच्या मांडीवर होतं. जळकोटला आणल्यावर चौघांनी तिला उचलून पायरी चढवली.

आमच्यात मयताला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, बसलेलंच मिरवत नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. अव्वाला ओसरीत तसं बसवलं होतं. शालीनं खांदे बांधत होतो, तेवढ्यात सुगंधाबाई आल्या, अहमदपूरला एसटी बदलून. दारातच थबकल्या. त्यांनी आमच्यातलं मयत कधी पाहिलं नव्हतं. बायकोनं त्यांच्यासाठी सतरंजी सरकवली, पण त्या बसल्या नाहीत.

अव्वाकडे बराच वेळ बघून त्या माझ्याजवळ आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आप्पा, आता पडायचं भेव न्हाई हो. आता तरी मायला बसवू नका."

आमच्यात असंच असतं, एवढंच मला सांगता आलं.