मिडियमबाईंचे चार किलो

कपड्यांच्या त्या कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत मिडियमबाई. मध्यम मापाचा प्रत्येक नवा टॉप आधी तिच्या अंगावर चढे. काखेत काचतोय का, हात वर केला की पोट उघडं पडतंय का, हे तिनं सांगायचं आणि कटिंगमास्तरांनी खडूनं खुणा करायच्या. अकरा वर्षं तिचं काम एकच: आहे तेवढंच राहायचं. ऐकायला किती सोपं! पण सख्ख्या बहिणीच्या लग्नात तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं, आणि तापातून उठल्यावर इच्छा नसताना उकडलेली अंडी गिळली होती.

मग नवऱ्याच्या छातीत कळ आली. तो वाचला, पण नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, मटण-मासे बंद. भाज्या, कडधान्यं खा आणि रोज चाला. घरी आल्याआल्या तो तिला म्हणाला, "तू समोर बसून खाल्लंस ना, तर माझ्याच्यानं राहवणार नाही बघ." घरात शेगडी एक, माणसं दोन. तिनंही सोडलं.

अडीच महिन्यांत त्याचे सात किलो उतरले आणि तिचे चार. तिचा कुरकुरणारा गुडघा गप्प झाला. संध्याकाळी दोघं पुलापर्यंत चालत जात. चौदा वर्षांच्या संसारात ती दोघं इतकं कधी बोलली नव्हती. त्या दिवसांत ती सुखात होती, अगदी लख्ख सुखात.

फक्त सोमवार यायचा. दर सोमवारी सकाळी मास्तर तिची मापं घेत. आठवड्याआठवड्यानं थोडंथोडं करत छातीला दीड इंच कमी भरलं तेव्हा त्यांनी संशयानं टेपकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. अकरा वर्षांत बाई कधी बदलली नव्हती. मग बिघाड टेपमध्येच असणार. "ताणली गेली वाटतं," म्हणत त्यांनी जुनी टेप फेकून दिली. पुढच्या सोमवारी नव्या कोऱ्या टेपनंही तेच सांगितलं. मास्तर मटकन स्टुलावर बसले.

"बाई, तुम्ही आटलात?"

तोवर तीन आठवड्यांचा माल तिच्यावर बेतून झाला होता. दुकानोदुकानीच्या मिडियम बायकांना तो आता काखेत काचणार होता.

"साहेब म्हणत होते दुसरी बाई बघा," दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले. "मी हातापाया पडून सहा आठवडे मागून घेतलेत. भरून या."

नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणणार, मग खा ना मटण. आणि मटण घरात आलं की त्याचा हात ताटात गेलाच म्हणून समजा. नोकरीपेक्षा तिला त्याच्या छातीची धास्ती जास्त. म्हणून तिनं शाकाहारातच वजन वाढवायचं ठरवलं. आणि गंमत बघा, ते मुळीच अवघड नव्हतं! लोणी थापलेला पाव, चीज, तीन चमचे साखरेचा चहा. कारखान्याच्या मागच्या जिन्यावर बसून ती चोरासारखी तळलेले बटाटे खाई. चालायला जाणंही बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाली. आधी ती थाप होती, चौथ्या आठवड्यापासून तो खरंच दुखायला लागला.

सहाव्या सोमवारी वजनाचा काटा बरोब्बर पूर्वीच्या एकसष्ट किलोंवर थांबला. ती हसली. मास्तरांनी टेप लावली आणि कपाळाला हात लावला. खांदे, दंड उतरलेलेच होते. सगळं कंबरेवर साठलं होतं.

"वजन परत आलं हो बाई, पण भलत्याच पत्त्यावर!"

मास्तरांनी टेप गुंडाळली.

"एक आहे. लार्ज पँटच्या बाई बाळंतपणाला गेल्या, त्या काही परत येत नाहीत. पँटला खांदे लागत नाहीत. कंबरेला दोन इंच कमी पडतायत, तेवढे वाढवा. पण एकदा वाढलात की मग हलायचं नाही."

"किती वर्षं?"

"तुम्ही आहात तोवर."

ती हो म्हणाली. नाही म्हणायला घरात दुसरी मिळकत होती कुठे?

संध्याकाळी नवरा बुटांच्या नाड्या बांधत होता.

"चल ना गं. अगदी हळू जाऊ."

"आज नको."

"गुडघा?"

"हं."

"मध्यंतरी किती हलकी झाली होतीस," तो म्हणाला. "मला धाप लागायची तुझ्याबरोबर चालताना. ते फार आवडायचं मला."

सगळं सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर त्यानं तिला तिथं जाऊ दिलं नसतं, आणि घर चाललं नसतं. ती खिडकीत उभी राहिली. वळणावर त्यानं मागं वळून हात केला. तिनंही केला. तो दिसेनासा झाल्यावर तिनं पिशवीतून बटाट्यांची पुडी काढली. बटाटे गार होऊन चामट झाले होते. भूक मुळीच नव्हती. तिनं एकेक करत सगळे संपवले.