स्टे कोणाला मिळाला

चूक माझीच. बारा तासांची शिफ्ट करून आलेल्या माणसानं कोर्टाच्या बातम्या वाचून दाखवू नयेत. पण आईनं दारातच विचारलं, "काय झालं गं अमेरिकेचं?" मी बूट काढता काढता फोनवरची वरची ओळ पाहिली, "कोर्टानं स्टे दिला" म्हणाले आणि अंघोळीला गेले.

आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला, लिक्सलिपला आली होती. खरं तर तिला जायचं होतं अमेरिकेत, माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला. पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख बाळाच्या तारखेनंतरची मिळाली. म्हणून ती माझ्या छोट्या मशीनवर दुपटी शिवत बसली होती. धाकटीला आठवा लागलेला. ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब, की ती त्यावर आता विनोदही करत नाही. त्यात तिथल्या सरकारनं हुकूम काढला, की अशा आईबापांचं मूल तिथं जन्मलं तरी तिथलं नागरिक नाही. खालच्या कोर्टांनी तो अडवला, सरकार वरच्या कोर्टात गेलं. तेव्हापासून रोज तिचा फोन. जन्मानं नागरिकत्व देणाऱ्या घटनादुरुस्तीतल्या त्या पाच शब्दांचा अर्थ काय, एका न्यायाधीशाला अख्ख्या देशापुरता हुकूम अडवता येतो का, कोण काय म्हणालं. माझं डोकं उठायचं. बाळाच्या नावांची यादी करायच्या दिवसांत ती बिचारी निकालपत्रं वाचत होती.

मी एकदा म्हणालेही, "अगं, इथंसुद्धा नुसतं जन्मून भागत नाही. इथल्या लोकांनी तर मतं देऊन ते बंद केलं. माझी पोरगी झाली तेव्हा आम्हाला येऊन तीन वर्षं झाली नव्हती, म्हणून तिचा अजून भारतीय पासपोर्ट. काय बिघडलं?"

"ताई, तुझ्या पोरीवरून कोणी टीव्हीवर रोज भांडत नाही," ती म्हणाली.

तर मी अंघोळ करून आले, तो घरभर तुपाचा वास. आईनं शिरा केला होता आणि फोन स्पीकरवर लावला होता. "मिळाला बाई एकदाचा स्टे! आता निवांत राहा."

आमच्या घरात स्टे म्हटलं की शिराच. बार्शीला बाबांचं टेलरिंगचं दुकान रस्तारुंदीत जाणार होतं. नगरपालिकेची नोटीस आली की बाबा सोलापूरला वकिलाकडे पळायचे, आणि ते स्टे घेऊन आले की आई रवा भाजायला घ्यायची. आम्ही बहिणी ए फॉर अ‍ॅपलच्या आधी स्टे शिकलो असू.

फोनवर धाकटी रडायलाच लागली. "आई, स्टे त्यांना मिळालाय गं. सरकारला. हुकूम अडवणारा आपल्या बाजूचा जो आदेश होता ना, त्याच्यावरच स्टे आलाय." आणि फोन कट.

मी आईवर खेकसले. "तुला कोणी सांगितलं होतं फोन करायला? ही काय बार्शीची नगरपालिका आहे?" बातमी अर्धवट सांगणारी मी, आणि ओरडा तिला. आईनं मशीनवर झाकण घातलं आणि दुपट्यांच्या घड्या प्रेसमध्ये ठेवल्या. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. माझ्या पोरीच्या तोंडून ते ऐकून आई पहिला आठवडा इस्त्री शोधत होती. माफी मागायचीही ताकद माझ्यात उरली नव्हती. तशीच जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनंच फोन लावायला सांगितला.

"केस संपली का?" तिनं धाकटीला विचारलं.

"नाही, पण..."

"मग वकील पुढचा अर्ज करतील. आमचा स्टे तीनदा उठला. तीनदा तुझ्या बाबांनी परत आणला."

"आणि शेवटी? पाडलंच ना दुकान?"

"पाडलं की. बाबा गेल्यावर पाडलं. पण तोवर एकोणीस वर्षं त्याच दुकानात मशीन चाललं. निकाल आपल्या बाजूनं कधी लागलाच नाही, बाळा. तुम्ही दोघी स्टेवर शिकलात."

मला इतकी वर्षं वाटत होतं, की आपण दर वेळी जिंकायचो. शिरा व्हायचा ना.

पलीकडे धाकटी नाक ओढत म्हणाली, "दुपटी किती झाली?"

"नऊ," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी प्रेस उघडून मोजली. सात होती. तोवर माझ्या मागे आईनं मशीनचं झाकण काढून आठव्याचं कापड लावलं होतं.