अक्काच्या लेकीची अक्षता

धाराशिवातलं ते मंगल कार्यालय मीच ठरवलं. "साउंड असा हाय अक्का, की इथं मंत्र म्हटला तर पार ईट गावच्या शिवारात म्हशी कान टवकारतील," असं मी सांगून बसलो होतो. माझ्या बोलण्यात अर्धी फोडणीच असते, हे अक्काला लहानपणापासून ठाऊक. तरी तिनं या एका गोष्टीवर विश्वास ठेवला, कारण दुसरा इलाजच नव्हता. आमच्यात मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. लगीन लागेपर्यंत तिनं आतल्या खोलीत पाठमोरं बसायचं. आणि मंगलाष्टकांतलं एक अक्कानं स्वतः रचलेलं, महिनाभर भाकऱ्या थापता थापता.

"डोळ्यांनी न्हाय तर न्हाय, कानांनी तरी लेकीचं लगीन बघते," ती म्हणाली. "तू म्हण. पण मला समदं ऐकू आलं पायजे बघ."

"शब्द न् शब्द, अक्का. हमी माझी."

हमी दिली आणि अडकलो. मामाची जागा नवरीच्या पाठीशी. शेवटची अक्षता पडेपर्यंत तिथून पाय हलवायचा नाही. पुढं नवरी, मागं थर्माकोलचा महाल, डावीकडं करवल्यांची भिंत, आणि उजव्या कानाला लागून दोन पुरुष उंचीचा स्पीकर. वर पत्र्याचं छत. फेटा बांधणाऱ्यानं माझं डोकं बहुतेक उसाची मोळी समजून आवळलेलं.

गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं आणि स्पीकरमधून असा आवाज आला, की जणू पिठाच्या गिरणीत दोन रेडे झुंजतायत. शब्द एक नाही, नुसता घुमारा. 'सावधान' तेवढं ओळखू यायचं, आणि ते पत्र्यावर आपटून, मागच्या भिंतीला शिवून पुन्हा यायचं. मग तिसऱ्यांदा. आमची माणसं 'सावधान' कानावर पडलं की हात उचलणारच. प्रत्येक वेळी ज्वारीच्या अक्षता पडल्या. दुसरं मंगलाष्टक संपेतो सगळ्यांच्या मुठी रिकाम्या आणि मी घोटाभर ज्वारीत उभा.

"लागलं लगीन! चला, पंगत धरा!" मागून कुणीतरी ओरडलं. अर्धं कार्यालय उठलं.

माझी मान तेवढी वळत होती. स्टेजच्या कडेला खोलीचं दार अर्धवट उघडं. आत अक्का, पाठमोरी. तिच्या डोक्यावर एक वेगळा स्पीकर मीच खास सांगून बसवून घेतला होता. तिनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

तिसरं, शेवटचं मंगलाष्टक अक्काचं. गुरुजींनी माईक माझ्या हातात दिला. मी लांब बसलेल्या साउंडवाल्याला तळहात खाली-खाली करून दाखवला, कमी कर म्हणून. त्यानं मान डोलावली आणि पंखे कमी केले. त्याच्या स्वतःच्या कानांत कापसाचे बोळे.

पहिली ओळ म्हटली. रेडे पुन्हा भिडले. अक्काचे हात कानांवरून निघाले नाहीत. तिच्यापर्यंत बारा पावलं होती, आणि मला एकही टाकता येत नव्हतं. माईकचं बटण बघितलं, तर कुणी बंद करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली! शेवटी करवलीजवळ राखून ठेवलेल्या अक्षतांच्या टोपलीत मी तो माईक मुळापर्यंत खुपसला. खर्र झालं आणि स्पीकर गपगार.

पाय जागीच ठेवून मी कमरेतून दाराकडं वळलो.

"मामा, तोंड इकडं करा! नवरा-नवरी इकडं हायत," गुरुजी कुजबुजले.

"मंगलाष्टक जिचं हाय, तिच्याकडंच हाय तोंड."

आणि उघड्या गळ्यानं पहिल्यापासून सुरू केलं. याच गळ्याच्या हाकेनं एकदा तेरणा नदीपलीकडचे बैल औतासकट थांबले होते. साक्षीला ते बैल आता हयात नाहीत, पण थांबले होते. दुसऱ्या ओळीला अक्काचा एक हात खाली आला. तिसरीला दुसरा. मागं वळून काही तिनं बघितलं नाही.

शेवटच्या 'सावधान'ला लोकांनी पायाखालची ज्वारी वेचून टाकली. माझे पाय सुटले. मी आत गेलो तेव्हा गळा पार बसलेला, तोंडातून वाराच निघत होता.

अक्कानं पदरानं डोळे पुसले.

"तिसऱ्या ओळीतला एक शब्द खाल्लास की रं मेल्या," ती म्हणाली.

खरंच खाल्ला होता.