तिस्वाहीनची काचपेटी

तर त्या म्हशीनं ते पान तोंडात घेतलं, दोनदा चघळलं आणि फुर्रकन तिस्वाहीनच्या अंगावर थुंकलं. इथवर आलो होतो काल. लफ्ताला हसू आवरेना. लफ्ता म्हणजे तिचा चुलतभाऊ. बसरा शहराच्या कडेला, वीटभट्ट्यांच्या पलीकडे, उरल्यासुरल्या अकरा म्हशी राखून होता. पोट धरून म्हणाला, "तिस्वाहीन, दुकान बंद कर बाई. गिऱ्हाईक थुंकतंय!"

ती हसली नाही. दुसरं पान काढून तिनं दुसऱ्या म्हशीपुढं धरलं. त्या म्हशीनं वास घेतला आणि मान फिरवली.

"म्हशीसुद्धा विसरल्या," तिस्वाहीन म्हणाली.

आता पानाचं नाव म्हशीला विचारायचं हा काय प्रकार, असं कुणाला वाटेल. पण तिस्वाहीनची सगळी शाळा म्हशीच्या तोंडातच भरलेली. ती जन्मली होरमध्ये, त्या अथांग पाणथळीत, बोरूच्या बेटावर. पहाटे होडी काढून चारा कापायला जायची ती पार चौसष्ट वर्षांची होईतो. कोवळा बोरू कापला की दूध गोड. पाणकणीस जास्त झालं की साय पातळ. पाण्याखालचं शंबलान गवत खाऊन आलेल्या म्हशीच्या दुधाला तळ्याचा वास. डोळे झाकून घोट घ्यायची आणि म्हैस कुठल्या बाजूला चरून आली ते सांगायची. सासूनं एकदा तिची परीक्षा घ्यायची म्हणून दोन म्हशींचं दूध मिसळून दिलं. हिनं घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाली, "एक आपली, एक पलीकडच्या बेटावरची. चोरलंत कधी, सासूबाई?" सासूनं पुन्हा म्हणून परीक्षा घेतली नाही.

अशी ती बाई, आणि तिला स्वतःच्या काचपेटीतलं झाड ओळखू येईना.

ही पेटी कुठून आली ते सांगायला हवं. होर आटला त्या उन्हाळ्यात तिच्या नऊ म्हशी खारं पाणी पिऊन एकेक करून गेल्या. शेवटी मुलगा, ख्रैबित, तिला न्यायला आला. तो बसऱ्यात नदीकाठच्या एका खानावळीत मासे भाजायचा. सामान गाडीत चढलं तरी आई कुठं दिसेना. पाहतो तर ती उरलेल्या डबक्यात गुडघाभर उतरलेली, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात दोन्ही हातांनी गाळ भरतेय.

"आई, चिखल कशाला?"

"चिखल तुझ्या डोक्यात. ह्यात सगळं आहे."

तिला माहीत होतं ते असं. मागं एकदा सरकारनं बांध घालून होर दहा-बारा वर्षं कोरडा पाडला होता. माणसं म्हणाली, संपलं. मग बांध फुटले, पाणी आलं, आणि त्या भेगाळलेल्या मातीतून बोरू असा उठला की होडीला वाट मिळेना. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

ख्रैबितनं खानावळीतली जुनी काचपेटी आणून दिली. जिवंत मासे गिऱ्हाईकाला दाखवायला ठेवतात ती. कोपऱ्यात चिरलेली होती, डांबरानं लिंपून घेतली. तिस्वाहीननं तळाशी मूठ मूठ गाळ पसरला, उरलेला डब्यातच ठेवला. बसऱ्याचं नळाचं पाणी खारट, चहालासुद्धा चालत नाही. म्हणून पिण्याच्या पाण्यातला आपला वाटा ती पेटीत ओतायची आणि स्वतः तहानलेली बसायची. सून म्हणायची, "मामी, अहो पाहुणा पेटीत आणि घरची माणसं कोरडी!" महिनाभरानं करंगळीएवढे दोन कोंब वर आले. त्या दिवशी तिनं गल्लीभर खजूर वाटले.

तेवढ्यात अमारा शहरात राहणारी तिची बहीण वारली. दहा दिवस तिकडं राहून परत आली, तर पेटी हिरवीगार! रुंद पानं, गर्द, चकचकीत. आणि काचेला तोंड चिकटवून बसलेला एक मासा, बोटभर लांब, मिशांचा, अंगावर काळे ठिपके.

आधी तिला आनंदच झाला. "गाळातून आला! अंडं असणार गाळात." मग ती पेटीपुढं मांडी घालून बसली, पानं निरखू लागली, आणि दुपारपर्यंत तिचा चेहरा उतरला. बोरू नाही. पाणकणीस नाही. शंबलान तर नाहीच. आणि मासा? मिशा आहेत, खवलं दिसत नाहीत, म्हणजे जिर्रीचंच पिल्लू असणार. पण खात्री कुणाला? जिर्री बिनखवल्यांचा, आणि असा मासा आम्हां लोकांत निषिद्ध. जाळ्यात जिर्री आला की पुरुष टाचेनं त्याला परत पाण्यात लोटायचे, बघायचेसुद्धा नाहीत. घरी यायचा प्रश्नच नाही. जन्म पाण्यात गेला आणि जिर्रीचं तोंड कसं असतं ते त्या बाईला धड ठाऊक नव्हतं.

शेजारीण डोकावून गेली; ती तिला ख्रैबितची आई म्हणूनच हाक मारायची. "उम्म ख्रैबित, जिर्री पाळलास?"

"पाळलाय. खायचा थोडाच आहे."

"मग काच का चाटतोय तो?"

"बसऱ्याचं पाणी प्यायला लागतंय ना, जीभ पुसून घेतोय."

जीभ अशी चालायची तिची. पण आतून ती पोखरली जात होती. रात्रंदिवस एकच, ह्या पानाला काय म्हणायचो आपण? आईचं नाव आठवतं, मेलेल्या म्हशींची नावं आठवतात, हेच कसं गेलं? चहात साखर दोनदा पडली की म्हणायची, "बघा, सुरुवात झाली." लफ्ताच्या म्हशींनी पान थुंकलं तेव्हापासून तर ती बोलायचीही कमी झाली. आठ महिने असे गेले.

मग बातमी आली की होरमध्ये पाणी सोडलंय. लफ्ता जाऊन पाहून आला. म्हणाला, "पाणी आहे, पण नुसतं पाणी. खाली मिठाचा पांढरा थर. एक काडी उगवलेली नाही. चार बाया परत गेल्यात, बसल्यात काठावर."

तिस्वाहीन उठून उभी राहिली. तिच्या पेटीत आणि डब्यात होतं ते हा मिठाचा थर बसायच्या आधीचं. ख्रैबितला म्हणाली, "शनिवारी गाडी सांग. हे सगळं नेऊन पाण्यात सोडायचं."

ख्रैबित म्हणाला, रस्ता खराब आहे. मग म्हणाला, गाडीवाला आजारी आहे. मग म्हणाला, खानावळीत लग्नाची ऑर्डर आहे.

"तुझ्या तोंडाला काय झालंय? शनिवारी म्हणजे शनिवारी."

एकच अडचण होती. काठावरच्या बाया विचारणार, काय आणलंस? आणि नाव न सांगता येणारी वस्तू घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून शुक्रवारी सकाळी, ख्रैबित कामावर गेल्यावर, तिनं एक पान ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पाखरांच्या बाजारात गेली. कबुतरं, ससे, पोपट ओलांडून मासेवाल्यांच्या ओळीत पोचली, आणि तिथंच थबकली.

एका पेटीत तिचा मासा होता. एक नाही, तीसेक. सगळे काचेला तोंड चिकटवून. शेजारच्या बादलीत तिचं झाड होतं, दोऱ्यानं बांधलेल्या जुड्या, भाजीवाल्याकडं कोथिंबीर असते तशा.

"घ्या हज्जीबाई, काच साफ ठेवतो हा," दुकानदार म्हणाला.

"हा जिर्री आहे?"

तो खो खो हसला. "जिर्री? अहो, हा समुद्रापलीकडचा. विमानानं येतो, पिशवीत बसून. जिर्री पेटीत ठेवलात तर पेटी खाईल!"

तिनं फडकं उघडलं. "आणि हे?"

"तेही तिकडचंच. ह्याला काही लागत नाही, खारट पाण्यातही तग धरतं. गेल्या वर्षी एक जण आला होता, अंगाला भाजलेल्या माशांचा वास. रडायच्या बेतात. म्हणाला, मरणार नाही असं काहीतरी हिरवं दे, आणि गाळातून आला म्हणता येईल असा एक मासा दे. असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही! ओळखीचा आहे का?"

"आमच्या गल्लीतला आहे," ती म्हणाली, आणि फडकं पुन्हा गुंडाळून घेतलं. का गुंडाळलं, तिलाच माहीत.

ख्रैबित दुपारी परतला तेव्हा ती पेटीपुढं बसली होती. पुढ्यात ते फडकं उघडं. त्यानं फडक्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि बूट न काढता खाली बसला.

"तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी कोंब काळे पडले," तो म्हणाला. "तुझं पाणी घालायला मी विसरलो, नळाचं घातलं. वास सुटला. तू बहिणीला माती देऊन येणार, आणि घरात हे... मला धीर झाला नाही, आई."

"पेटीतला गाळ?"

"गटारात ओतला."

"डब्यातला?"

तो बुटाची नाडी सोडू लागला. तिनं पुन्हा विचारलं, "ख्रैबित, डब्यातला?"

"त्यालाही वास येत होता. मला वाटलं, मेलं सगळं. रिकामा डबा तसाच झाकून ठेवला."

काचेवरचा मासा सुटून तळाशी गेला आणि तिथंच पडून राहिला. बाहेर गॅसवाल्याची गाडी घंटा वाजवत गेली. ख्रैबितनं आईचा पदर धरला, लहानपणी धरायचा तसा. म्हणाला, "उद्या जाऊ या ना आपण. नुसतं पाणी बघून येऊ. मी गाडी सांगून आलोय."

तिनं पदर सोडवून घेतला. मग म्हणाली, "गाडीवाल्याला सांग येऊ नको म्हणून. कोंब मेले तर मेले म्हणायचं होतंस, रडले असते. आठ महिने मी रोज उठून स्वतःला म्हणतेय, तिस्वाहीन, तुझं डोकं गेलं, तुझ्या पाण्याचं गवत तुला ओळखू येईना. आणि गाळ तर जिवंत होता रे, वास येतो तो जिवंतपणाचाच. आता काठावर त्या बाया बसल्यात, त्या विचारतील काय आणलंस. त्यांना काय सांगू मी, माझ्याच पोरानं गटारात ओतलं?"